सनईखालचं दीड मिनिट

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तू कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलीस आणि शिपायाकडे पाणी मागितलंस. तो तांब्या घेऊन आला तेव्हा तू गेली होतीस. शाळेच्या ग्रंथालयात मला निरोप आला. मी उघडं कपाट बंद केलं, कुलूप लावलं आणि सायकलवरून निघालो.

ताई, त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे तुझ्या झडपेबद्दल बोलतात. लहानपणी सांध्यांचा ताप आला, त्यानं हृदयाची झडप बिघडली, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं वगैरे. मी मान हलवतो. ते गेले की मागच्या खोलीत येऊन बसतो. या खोलीत एका भिंतीला माझी पुस्तकं आहेत आणि दुसऱ्या भिंतीला तुझ्या काचेच्या बरण्या. पुस्तकांना अजून आंबलेल्या द्राक्षांचा वास येतो. पूर्वी मी त्यावरून तुझ्याशी भांडायचो. आता पुस्तक उघडलं की आधी नाकाजवळ नेतो.

मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. त्या कॅसेटच्या शेवटी तू काय बोललीस?

विचारायला दोन वर्षं होती. आपण एका घरात राहत होतो, एका डब्यातल्या पोळ्या खात होतो. मी एकदा विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस, आणि पुन्हा कधीतरी विचारू म्हणून मी गप्प बसलो.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तू वर्तमानपत्राचा एक तुकडा कापून माझ्या उशीवर ठेवलास. नाशिककडच्या एका वाइन कारखान्यानं हौशी लोकांसाठी व्हिडिओ स्पर्धा ठेवली होती. बारा मिनिटांच्या आत, स्वतः काढलेली फिल्म. तुम्हाला वाइनची आवड कशी लागली ते स्वतःच्या शब्दांत सांगा, आणि चव घेताना दाखवा. पहिल्या येणाऱ्याला द्राक्षाच्या हंगामात दोन महिने कारखान्याच्या तळघरात राहून काम शिकता येणार होतं. त्या ओळीखाली तू पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या होत्यास.

"मिल्या, कर्जतमधून एकच अर्ज जाईल बघ," तू म्हणालीस.

"जिल्ह्यातून एकच जाईल," मी म्हणालो.

"मग जिल्ह्यात पहिली तर आलेच."

तुला ही आवड कशी लागली ते मला पाठ होतं. पुण्याला उजळणी वर्गाला गेली होतीस, तिथं एका प्राध्यापिकेच्या घरी तुला कुणी पेल्यात दोन बोटं वाइन दिली. घरी येऊन तू मला एवढंच सांगितलंस, "तोंडात एक चव आली आणि गेली. ती गेल्यावर तिच्या मागून दुसरी आली. मी थांबून राहिले तर तिसरी आली. रसायन शिकवते रे मी, पण असं रांगेनं काही येताना पाहिलं नव्हतं." तेव्हा तू एकतीस वर्षांची होतीस. पुढच्या हंगामात तू दगडूतात्यांच्या बागेतून पाटीभर द्राक्षं आणलीस, बरणीत कुस्करलीस, बुचाला भोक पाडून त्यात सलाईनची नळी बसवलीस आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात सोडलंस. पेल्यात बुडबुडे येत राहिले. मी वाचत असलो की ती बुडबुड ऐकू यायची.

इंग्रजी पुस्तकांत चवींची वर्णनं असायची, पण ती फळं आपण कधी पाहिलेली नव्हती. म्हणून तू स्वतःची वही केलीस. ती माझ्यापुढे आहे. 'दुसरी बरणी, दीड महिना: पाटीवरची पेन्सिल चाटल्यासारखं. मागून गुळाच्या ढेपेची कड.' 'चौथी बरणी: भिजलेली सुतळी. टाकून दिली.' 'सहावी: चिंचेचा कोवळा पाला, मग काही नाही, मग एकदम मनुका.' अक्षर तुझं आहे. मी मोठ्यानं वाचून पाहतो तेव्हा आवाज माझा निघतो.

या सगळ्याला घरात आण्णांची परवानगी नव्हती. आण्णा प्राथमिक शिक्षक होते आणि रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणूनच चहा घ्यायचे. नुसतं म्हणायचे नाहीत. तरुणपणी ते वस्तीतल्या गुत्त्यात शिरून माणसांना हाताला धरून घरी आणून सोडत. त्यांचा बाप, आपला आजा, दारूनंच गेला. तू पहिली बरणी घरात आणलीस तेव्हा म्हणालीस, "आण्णा, हे ते नाही." आण्णांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "सुजाता, पिणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य हेच असतं," ते म्हणाले. नंतर त्यांनी मागच्या खोलीत यायचं बंद केलं. बरण्या फोडा असं ते म्हणाले नाहीत. तेवढीच सूट.

कॅमेरा मी नगरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून एका रविवारापुरता आणला. खांद्यावर घ्यायचा तो जड कॅमेरा, आत त्याचीच कच्ची कॅसेट, पुन्हा पुन्हा पुसून वापरायची. सकाळी तात्यांच्या बागेत गेलो. तुझी साडी वेलींत अडकत होती आणि मी मागं मागं सरकत पाटात पडलो, ते आठवतं का? तात्या कॅमेऱ्यापुढे टोपी सारखी करत उभे राहिले.

"पोरी, घड लई ग्वाड हायत," ते म्हणाले, "पर मनी बारीक राह्यले. व्यापारी हात लावंना. ने तू. कायतरी होऊंदे त्याचं."

तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "हे ठेवायचं हं, कापायचं नाही."

दुपारी मागच्या खोलीत बरण्यांचं काढलं. तू नळी दाखवलीस, बुडबुडे का येतात ते सांगितलंस, वहीतली पानं वाचलीस. वाक्याच्या मध्येच तुझा श्वास संपायचा. भलत्याच शब्दाशी थांबायचीस, खांदे किंचित वर जायचे, मग पुढचं वाक्य यायचं. तुझे विद्यार्थी त्याची नक्कल करायचे. मला तो तुझा आवाज म्हणूनच माहीत होता. मी आठ वर्षांचा असताना गोवर आला, तेव्हा अंधाऱ्या खोलीत बसून दाराच्या फटीतल्या उजेडात तू मला अख्खं भूगोलाचं पुस्तक वाचून दाखवलंस. नद्यांची नावं अजून मला तुझ्या श्वासांसकट आठवतात. गोदावरी, थांबणं, प्रवरा, मुळा, थांबणं, सीना. मी पुस्तकांचा झालो तो तिथून. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत असेल असं धरून चाललो.

मग चव घेण्याचा भाग आला. स्पर्धेच्या नियमात ते होतंच. तुला दोघं हवे होते, एक तू आणि एक मी.

"मी नाही," मी म्हणालो.

"गिळू नकोस. तोंडात फिरव आणि थुंक. जाणकारही थुंकतात. मीही थुंकते, माझ्या गोळ्या चालू आहेत."

"शील घेतलंय मी."

"मीही घेतलंय. ते कशासाठी आहे? माणूस बेसावध होऊ नये म्हणून. मिल्या, एका घोटासाठी मी जेवढी सावध असते तेवढं सावध तू आयुष्यात कधी झाला नाहीस."

"लोक बघतील. मी शाळेत नोकरी करतो."

"आता खरं बोललास," तू म्हणालीस.

तुला ते लागलं होतं. मलाही लागलं. तू तात्यांना बोलावणं पाठवलंस. ते आले, पेला दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, तो न थुंकता गिळला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"आंबाट हाय," ते म्हणाले. "ह्ये तर द्राक्षाचं लोनचं झालं." मग थांबून, "पर मागनं कायतरी चांगलं येतंय, व्हय."

तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. दोन वर्षं तू जे मला समजावत होतीस ते तात्यांनी एका घोटात ओळखलं होतं. मी कॅमेऱ्यामागं उभा होतो आणि मला हसू आलं नाही.

तात्या गेल्यावर तू म्हणालीस, "आता कॅमेरा टेबलावर ठेव, चालू कर आणि बाहेर जा. मला एकटीला बोलायचंय."

मी बटण दाबलं, बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि धुण्याच्या दगडावर बसलो. शेजारची गिरणी चालू होती. दारातून तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मी उठून दाराशी गेलो असतो तर आले असते. मी रुसलो होतो, ताई. त्या दिवशी मी रुसून दगडावर बसलो होतो.

पुढचं सगळं माझं आहे. तुझ्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, म्हणून कॅसेट घेऊन नगरला मी गेलो. कॅमेरा देणारा तो शूटिंगवाला, दिलीप, मिक्सिंगचं दुकानही चालवायचा. त्यानं ती मशीनमध्ये घातली आणि भरभर पळवली.

"सर, लाईव्ह ठेवायचं का म्युझिक?" त्यानं विचारलं. "लाईव्हमधी कचकच लई हाय. कुत्रं हाय, गिरणी हाय. लग्नाला आपुन लाईव्ह ठेवतच न्हाई, कुनी ऐकत न्हाई."

ही त्या धंद्याची रीतच आहे. लग्नाच्या कॅसेटमध्ये कुणाचा आवाज नसतो. नवरी रडते, मामा ओरडतात, भटजी म्हणतात, सगळ्यांचे ओठ हलतात आणि वर सनई वाजत राहते. मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या कॅसेट अशाच होत्या. पण रीत एवढंच कारण नव्हतं, आणि ते मी आज लिहून ठेवतो. तू त्या कॅसेटवर आपल्या घराचं नाव, आण्णांचं नाव, माझं नाव घेतलं होतंस. घरात आंबवलेली वाइन म्हणजे आमच्या शाळेत हातभट्टीच ठरली असती. आवाज नसला तर बरं, असं मला दुकानात उभ्या उभ्या वाटून गेलं.

"म्युझिक टाका," मी म्हणालो.

शेवटच्या भागाशी दिलीप म्हणाला, "मॅडम लई बोलत्यात ओ इथं. सनई टाकू?"

"टाका."

त्यानं दोन प्रती केल्या. एक मी तिथूनच स्पर्धेला पाठवली, कारण मुदत संपत आली होती. दुसरी घरी आणली. तू शेजाऱ्यांचा व्हीसीपी मागून आणलास, खुर्ची ओढून बसलीस. पडद्यावर पाकळ्या पडल्या. मग एक बदाम उघडला आणि बदामाच्या आत तुझी बरणी दिसली. सनई सुरू झाली.

"मिल्या," तू म्हणालीस, "माझं लग्न लावलंस की रे. नवरा कोण, बरणी?"

तू हसत होतीस. मग तात्यांचे ओठ हलले आणि तू हसायची थांबलीस. शेवटपर्यंत बघितलंस.

"माझा आवाज कुठाय?"

मी गिरणीचं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, लग्नाच्या कॅसेटचं सांगितलं. माझ्या मनात आलेलं ते दुसरं सांगितलं नाही. तू दुसऱ्या दिवशी रजा टाकून नगरला गेलीस. कच्ची कॅसेट तोवर एका लग्नाला जाऊन आली होती. दाट तिथी होत्या आणि त्याच्याकडे मोजक्याच कॅसेट होत्या. तू संध्याकाळच्या एसटीनं परत आलीस आणि भाजी चिरायला बसलीस.

जूनमध्ये कारखान्याचं पत्र आलं. चित्रीकरण नीटनेटके आहे, परंतु स्पर्धकाचे स्वतःचे म्हणणे ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते, असं त्यात होतं. तू पत्राची घडी घालून वहीत ठेवलीस. ती तिथंच आहे. पुढच्या हंगामात तू तळघरात असतीस, ताई. कदाचित नसतीसही, दुसरा कुणी जिंकला असता. पण तुझं म्हणणं ऐकून त्यांनी ठरवलं असतं. मी त्यांना ऐकूच दिलं नाही.

त्यानंतर मी एकदा विचारलं, शेवटी काय बोलली होतीस. तू म्हणालीस, "आता सांगितलं तर ते वेगळंच होईल. तेव्हा बोलले ते तेव्हाचं होतं." रागानं नाही म्हणालीस. मला राग हवा होता. भांडलो असतो तर एका बाजूला लागलं असतं.

तू गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी नगरला गेलो. दिलीपनं मला ओळखलं. जुन्या कच्च्या कॅसेट त्यानं फेकल्या नव्हत्या, खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या. मी त्याला म्हणालो, एखादं लग्न छोटं झालं असेल, कॅसेटच्या शेवटाला जुनं काहीतरी राहिलं असेल. तो म्हणाला, "सर, त्याच्यावर धा-धा लग्नं झाली. पर बगा तुमी." त्यानं मला कोपऱ्यातलं मशीन दिलं. तीन रविवार मी तिथं बसलो. पाथर्डीची लग्नं पाहिली, श्रीगोंद्याची पाहिली, तिसगावच्या एका मुलीची हळद पाहिली. कच्च्या कॅसेटवर आवाज असतो, ताई. सगळ्यांचा असतो. एक आजी नवरीला सांगत होती, खाऊन घे, पुन्हा कुनी विचारनार न्हाई. एक बाप मांडवाच्या मागं जाऊन नाक शिंकरत होता. दोन लग्नांच्या मध्ये पडदा निळा झाला की मी श्वास धरायचो. निळ्यातून दुसरं लग्न उगवायचं. शेवटची कॅसेट संपली तेव्हा दिलीपनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, "मीच इचाराया पायजे हुतं तुमाला नीट." मी त्याला म्हणालो, तू विचारलं होतंस.

तात्यांनाही विचारलं. त्यांना एवढंच आठवतं, "लई हासली हुती ती."

घरी असलेली कॅसेट मी किती वेळा पाहिली ते सांगत नाही. शेवटच्या दीड मिनिटात तू अकरा वेळा श्वासाला थांबतेस. ते दिसतं, खांदे वर जातात. म्हणजे बारा तुकडे आहेत. मी त्यांत वाक्यं बसवून पाहतो. दोन ठिकाणी तुझे ओठ मिटून उघडतात, तिथं 'मिल्या' असेल. 'मला' असेल. 'माझं' असेल. एकदा तू दाराकडे बघतेस. दारापलीकडे मी होतो.

आणि आण्णा. त्यांना काचबिंदूनं आता दिसत नाही, हे तुला माहीत होतं. पण गेल्या महिन्यात त्यांनी जे मागितलं ते तुला माहीत नाही. त्या वर्षी तू त्यांना कॅसेट बघायला बोलावलं होतंस, तेव्हा ते म्हणाले होते, "दारूची कॅसेट मी बघणार नाही." आता ते म्हणाले, "मिलिंद, ती कॅसेट लाव. बघता येत नाही, ऐकतो. तिचा आवाज आहे ना त्याच्यात?"

मी म्हणालो, व्हीसीपी बिघडलाय. पुढच्या आठवड्यात म्हणालो, वीज नाही. ते अंध आहेत, बटण दाबून बघू शकत नाहीत, आणि मी त्यांना वीज नाही म्हणून सांगत होतो. रोज सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या ओळीशी माझा आवाज बसायचा. ते थांबायचे, मग पुढं म्हणायचे.

परवा रविवारी ते स्वतःच चाचपडत मागच्या खोलीत आले. बरण्या आल्यापासून पहिल्यांदा. तुझ्या खुर्चीवर बसले.

"आता लाव," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. दिलीपचं सांगितलं, सनईचं सांगितलं, आणि तुला न सांगितलेलं तेही सांगितलं, की तुमचं नाव त्यात आलं याची मला लाज वाटली आणि माझ्या नोकरीची भीती.  आण्णांचा हात बरणीच्या काचेवर होता.

"तरी लाव."

मी लावली. सनई वाजू लागली. काय दिसतंय ते मी सांगत गेलो. ताई बागेत आहे, घड हातात घेतलाय. आता बरणी. आता नळी. पहिल्या भागांतली तुझी वाक्यं मला आठवत होती, ती मी तुझ्या ओठांबरोबर म्हणालो, जिथं तू थांबतेस तिथं थांबून. तात्यांचं लोणचं म्हणालो तेव्हा आण्णांच्या तोंडावर काहीतरी हललं.

शेवटचा भाग आला आणि मी गप्प झालो.

"काय करतेय?"

"बोलतेय."

"काय बोलतेय?"

"माहीत नाही, आण्णा."

"किती वेळ बोलते?"

"दीड मिनिट."

"मग ती सनई बंद कर," ते म्हणाले. "आणि तिचं होईपर्यंत बोलू नको."

मी आवाज पूर्ण कमी केला. आण्णा पडद्याकडे तोंड करून बसले. तू बोलत होतीस. आम्ही दोघं ऐकत बसलो.

आता घरात आण्णा आहेत आणि मी आहे. अकरा मिनिटांची एक कॅसेट आहे. तीत तू बोलतेस. ऐकू येत नाही.